न्यू यॉर्क शहरातील हत्यांचे बदलते स्वरूप

न्यू यॉर्क शहरातील हत्यांचे बदलते स्वरूप हा नागरी इतिहास, गुन्हेशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या तिन्ही क्षेत्रांत अभ्यासला जाणारा विषय आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील या सर्वांत मोठ्या शहरात १९९० साली २,२४५ हत्यांची नोंद झाली. २०१७ साली हीच संख्या २९२ होती. या काळात शहराची लोकसंख्या घटली नाही, उलट दहा लाखांहून अधिक वाढली. एवढ्या मोठ्या शहरात एवढी मोठी आणि एवढी दीर्घकाळ टिकलेली घट क्वचितच आढळते. त्यामुळे ती कशामुळे झाली आणि तिचे श्रेय कोणाचे, हा वाद तीन दशके चालू आहे. घटीइतकीच तिच्या आधीची वाढही अभ्यासकांना महत्त्वाची वाटते, कारण दोन्ही वेळा केवळ संख्या बदलली नाही. कोण मारले गेले, कोणाकडून, कोणत्या शस्त्राने आणि शहराच्या कोणत्या भागात, हेही प्रत्येक वेळी बदलले.

संज्ञा आणि मोजणी

मराठीत ‘खून’, ‘हत्या’ आणि ‘मनुष्यवध’ हे शब्द बोलताना एकमेकांऐवजी वापरले जातात. कायद्यात मात्र त्यांत भेद आहे. भारतीय दंड संहितेत सदोष मनुष्यवधाची व्याख्या कलम २९९ मध्ये आणि खुनाची कलम ३०० मध्ये होती. भारतीय न्याय संहितेत त्या अनुक्रमे कलम १०० आणि १०१ मध्ये आहेत. न्यू यॉर्कचे पोलीस दल दरवर्षी जो आकडा जाहीर करते त्यात खून आणि हेतुपुरस्सर केलेला मनुष्यवध यांचा समावेश असतो. निष्काळजीपणामुळे झालेले मृत्यू, स्वसंरक्षणार्थ केलेल्या व कायद्याने समर्थनीय ठरलेल्या हत्या आणि पोलिसांच्या समर्थनीय ठरलेल्या गोळीबारातील मृत्यू त्यात धरले जात नाहीत. प्रस्तुत लेखात ‘हत्या’ हा शब्द याच मर्यादित अर्थाने वापरला आहे.

कोणत्या घटना मोजायच्या हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी वर्ल्ड ट्रेड सेंटरवरील हल्ल्यात २,७५३ जण मृत्युमुखी पडले. त्यांचा समावेश शहराच्या त्या वर्षीच्या सुमारे साडेसहाशे हत्यांमध्ये केलेला नाही. याउलट २५ मार्च १९९० रोजी ब्राँक्समधील ‘हॅपी लँड’ या परवाना नसलेल्या नृत्यगृहात एका इसमाने भांडणानंतर पेट्रोल ओतून लावलेल्या आगीत ८७ जणांचा मृत्यू झाला, आणि ते सर्व त्या वर्षीच्या आकड्यात आहेत. पोलिसांच्या सुधारित नोंदींत १९९०चा आकडा २,२६२ असाही आढळतो. गोळी लागून जायबंदी झालेली व्यक्ती अनेक वर्षांनी त्याच जखमेमुळे मरण पावली, तर तो मृत्यू हत्या ठरविला जातो आणि ज्या वर्षी तसे ठरते त्या वर्षाच्या आकड्यात मिळविला जातो. जुन्या काळातील हिंसाचार अशा रीतीने नव्या वर्षाच्या हिशेबात येतो. अशी प्रकरणे वर्षाला मोजकीच असतात, पण एकूण आकडा तीनशेच्या आसपास असताना तीही दखलपात्र ठरतात.

निरनिराळ्या काळांची तुलना करताना दर लाख लोकसंख्येमागील प्रमाण वापरले जाते. हे प्रमाण १९९० साली ३० हून थोडे अधिक आणि २०१७ साली साडेतीनच्या आत होते. भारतात २०२२ साली खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदविले गेले, म्हणजे दर लाखामागे सुमारे २. तथापि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग हुंडाबळींची गणना खुनापासून वेगळी करतो, आणि त्या वर्षी त्या शीर्षाखाली सहा हजारांहून अधिक मृत्यू होते. दोन देशांचे आकडे शेजारी मांडताना असे वर्गीकरणातील फरक पाहावे लागतात.

एकोणिसावे शतक

न्यू यॉर्कमधील हत्यांच्या दीर्घ इतिहासाचा पाया इतिहासकार एरिक माँकोनेन यांनी घातला. कॉरोनरच्या नोंदी, वृत्तपत्रे आणि शहराचे वार्षिक अहवाल यांतून त्यांनी सुमारे दोनशे वर्षांची आकडेवारी संकलित केली आणि २००१ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. आकडेवारीची ही मालिका अखंड नाही. १८९८ साली पाच बरोंचे एकत्रीकरण होईपर्यंत ‘न्यू यॉर्क शहर’ म्हणजे मुख्यतः मॅनहॅटन होते आणि ब्रुकलिन हे स्वतंत्र शहर होते. शहराची हद्द बदलली की प्रमाणाचा छेदही बदलतो.

माँकोनेन यांच्या संकलनातून दिसते की हत्यांचे प्रमाण सरळ रेषेत वाढत वा घटत गेले नाही. त्यात अनेक दशकांच्या लाटा आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एक उंच लाट येऊन गेली. जुलै १८६३ मध्ये सक्तीच्या सैन्यभरतीविरुद्ध झालेल्या दंगलीत शंभराहून अधिक लोक मारले गेले आणि त्यांत जमावाने ठार केलेले कृष्णवर्णीय नागरिकही होते. दंगलीची वर्षे बाजूला ठेवली तरी त्या काळातील नेहमीची हत्या म्हणजे तरुण पुरुषाने दुसऱ्या तरुण पुरुषाची दारूच्या गुत्त्यात वा रस्त्यावर, बाचाबाचीतून केलेली हत्या. चाकू, दंडुका आणि नुसते हातपाय हीच शस्त्रे बहुधा वापरली जात. शतकाच्या उत्तरार्धात स्वस्त रिव्हॉल्व्हर सहज मिळू लागले.

माँकोनेन यांच्या निष्कर्षांपैकी सर्वाधिक चर्चिला गेलेला निष्कर्ष लंडनशी केलेल्या तुलनेचा आहे. दोन शतकांच्या बहुतांश काळात न्यू यॉर्कमधील हत्यांचे प्रमाण लंडनच्या किमान पाचपट होते, असे त्यांना आढळले. बंदुका हे याचे एक उघड कारण आहे. परंतु बंदुकांनी केलेल्या हत्या वगळूनही न्यू यॉर्कचे प्रमाण अधिकच राहते, म्हणून हे कारण पुरेसे नाही असे त्यांचे म्हणणे होते.

कॉरोनर ते वैद्यकीय परीक्षक

आरंभीच्या आकड्यांवर किती विश्वास ठेवावा हे मृत्यूची चौकशी कोण करत होते यावर अवलंबून आहे. १९१८ पर्यंत न्यू यॉर्कमध्ये ही जबाबदारी निवडून आलेल्या कॉरोनरकडे होती. त्या पदासाठी वैद्यकीय शिक्षणाची अट नव्हती, आणि १९१५ साली झालेल्या चौकशीत या व्यवस्थेतील अज्ञान आणि लाचखोरी उघडकीस आली. मृत्यूचे कारण अनेकदा तपासणीविनाच लिहिले जाई. त्यामुळे काही विषप्रयोग आणि अर्भकहत्या नोंदींतून निसटल्या असणार. (कॉरोनरचे पद मुंबईतही ब्रिटिश काळापासून होते आणि ते १९९९ साली बंद झाले.) १९१८ साली न्यू यॉर्कमध्ये मुख्य वैद्यकीय परीक्षकाचे कार्यालय सुरू झाले. चार्ल्स नॉरिस हे पहिले मुख्य परीक्षक होते. त्यांचे सहकारी अलेक्झांडर गेटलर यांनी तेथे विषविज्ञानाची प्रयोगशाळा उभी केली. नोंदणी सुधारल्यावर आकडे काही प्रमाणात आपोआप वाढतात. त्यामुळे या सुमारास दिसणारा प्रत्येक चढ हिंसाचाराचाच आहे असे मानता येत नाही.

१९११ साली न्यू यॉर्क राज्याने सुलिव्हन कायदा केला. खिशात मावेल अशी बंदूक बाळगण्यास परवाना सक्तीचा करणारा हा अमेरिकेतील आरंभीच्या कायद्यांपैकी एक होय. त्याच वर्षी जानेवारीत मॅनहॅटनमध्ये कादंबरीकार डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स यांची भररस्त्यात गोळ्या झाडून हत्या झाली होती आणि तिने लोकमत तापले होते. कायदा कडक असला तरी शेजारच्या राज्यांचे कायदे तसे नव्हते. पुढे शहरात पकडल्या जाणाऱ्या बंदुकांपैकी बहुतेक दक्षिणेकडील राज्यांतून महामार्गाने आलेल्या असत.

मद्यबंदीच्या काळात (१९२० ते १९३३) हत्यांची आणखी एक लाट आली. १९३०च्या दशकात ब्रुकलिनमधील ब्राउन्सव्हिल या वस्तीतून सुपारी घेऊन खून करणारी टोळी चालत असे; वृत्तपत्रांनी तिला ‘मर्डर इन्कॉर्पोरेटेड’ हे नाव दिले. टोळीतील माणसे मुख्यतः ज्यू आणि इटालियन स्थलांतरितांची मुले होती. ब्राउन्सव्हिलचे नाव पुढे साठ वर्षांनी पुन्हा हत्यांच्या नकाशावर ठळक झाले. तोवर तेथील रहिवासी जवळजवळ पूर्णपणे बदलले होते आणि वस्ती प्रामुख्याने कृष्णवर्णीयांची झाली होती. वस्ती तीच आणि माणसे दुसरी, ही गोष्ट हिंसाचाराचे मूळ एखाद्या समाजाच्या स्वभावात शोधणाऱ्यांना अडचणीची आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतरची दोन दशके शांततेची होती. १९५०च्या दशकात सुमारे ७८ लाख लोकसंख्येच्या शहरात वर्षाला तीनशेच्या आसपास हत्या होत.

१९६० ते १९८५

१९६० साली शहरात पाचशेहून कमी हत्या झाल्या. १९७२ साली १,६९१. लोकसंख्या मधल्या काळात जवळपास स्थिर होती. म्हणजे एका तपात दर माणशी धोका तिपटीहून अधिक झाला. युद्धोत्तर काळात जन्मलेली मोठी पिढी याच सुमारास तारुण्यात आली हे खरे, आणि सर्व देशांत हत्या करणारे व हत्येला बळी पडणारे बहुधा तरुण पुरुष असतात हेही खरे. पण तरुणांची संख्या तिप्पट झाली नव्हती. वयोरचनेने वाढीचा थोडाच भाग स्पष्ट होतो.

उरलेल्या भागासाठी अनेक गोष्टी एकत्र पाहाव्या लागतात. कारखान्यांतील रोजगार वेगाने घटला. कंटेनरचे युग आल्यावर गोदीचे काम बंदरापलीकडे न्यू जर्सीला गेले. श्वेतवर्णीय मध्यमवर्ग उपनगरांकडे निघाला आणि १९७० ते १९८० या दहा वर्षांत शहराने आठ लाखांहून अधिक रहिवासी गमावले. दक्षिण ब्राँक्समध्ये एकामागून एक इमारती आगीत नष्ट झाल्या. हेरॉइनचे व्यसन पसरले. १९७३ साली राज्याने अमली पदार्थांच्या विक्रीसाठी आणि ते जवळ बाळगण्यासाठीही अत्यंत कठोर शिक्षा ठरविल्या. त्या कायद्यांना तत्कालीन राज्यपालांवरून ‘रॉकफेलर कायदे’ म्हणतात. त्यानंतरच्या वर्षांत हत्या दीड हजारांच्या वर-खालीच राहिल्या.

हत्यांचे स्वरूपही या काळात बदलले. जुन्या पद्धतीच्या ओळखीपाळखीतील भांडणांच्या जोडीला लुटीच्या वेळी अनोळखी माणसाने केलेल्या हत्या वाढल्या. संख्येने त्या कमीच होत्या, पण भीती त्यांनीच निर्माण केली. घरगुती वादातून होणाऱ्या हत्येची बातमी वाचणाऱ्याला ती आपल्यावर येईल असे वाटत नाही. भुयारी रेल्वेतील हत्येबद्दल तसे म्हणता येत नाही. १९७५ साली शहर दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर असताना हजारो पोलिसांना एका दिवशी कामावरून कमी करण्यात आले. त्याआधी पोलीस संघटनांनी पर्यटकांना सावध करणारी पत्रके छापली होती. त्यांवर कवटीचे चित्र होते आणि शहराचा उल्लेख ‘भीतीचे शहर’ असा होता.

१९८१च्या सुमारास १,८०० च्या पुढे गेलेला आकडा १९८५ पर्यंत १,४०० च्या खाली आला. त्या वेळी अनेकांना हा चढ संपला असे वाटले.

क्रॅकची वर्षे

क्रॅक हे कोकेनचे ओढता येणारे, खड्याच्या रूपातील स्वरूप होय. ते १९८४-८५ च्या सुमारास न्यू यॉर्कमध्ये पसरले. त्याची एक मात्रा काही डॉलरांत मिळे आणि तिचा अंमल काही मिनिटांत उतरे. त्यामुळे गिऱ्हाईक दिवसातून अनेकदा परत येई आणि विक्री चौकाचौकांत उघड्यावर चाले. अशा धंद्यात जागेला किंमत येते. विशिष्ट कोपरा कोणाचा, यावरून हाणामाऱ्या होत. विक्रेत्याकडे रोकड असे आणि लुटले गेल्यास पोलिसांकडे जाण्याची सोय नसे. म्हणून त्याने बंदूक घेतली, मग त्याच्या प्रतिस्पर्ध्याने घेतली, आणि शेवटी धंद्याशी संबंध नसलेल्या शेजारच्या मुलांनीही भीतीपोटी घेतली. गुन्हेशास्त्रज्ञ आल्फ्रेड ब्लमस्टीन यांनी हीच साखळी मांडली आहे. त्यांच्या मते शस्त्रे एकदा पसरल्यावर पूर्वी ठोशांवर मिटणारी शाळकरी भांडणेही प्राणघातक झाली.

पॉल गोल्डस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली शहरातील ४१४ हत्यांचा तपशीलवार अभ्यास केला. अमली पदार्थांशी संबंधित हिंसा तीन प्रकारची असू शकते असे गोल्डस्टीन यांनी आधीच सुचविले होते: नशेच्या अंमलाखाली केलेली, नशेसाठी पैसा मिळविताना केलेली आणि धंद्याच्या व्यवहारातून उद्भवलेली. अभ्यासलेल्या हत्यांपैकी निम्म्याहून अधिक अमली पदार्थांशी निगडित होत्या आणि त्यांपैकी बहुसंख्य तिसऱ्या प्रकारच्या होत्या. माणूस क्रॅक ओढून पिसाळतो आणि खून करतो, हे वृत्तपत्रांतले चित्र त्यामुळे फारसे टिकले नाही. मारणारी गोष्ट मुख्यतः बाजारपेठ होती.

१९९८ साली जेफ्री फेगन, फ्रँकलिन झिम्रिंग आणि जून किम यांनी हत्यांची बंदुकीच्या आणि बिगर-बंदुकीच्या अशी विभागणी केली तेव्हा एक अनपेक्षित गोष्ट समोर आली. चाकू, मारहाण, गळा दाबणे इत्यादी मार्गांनी होणाऱ्या हत्या १९८०च्या दशकाच्या मध्यापासूनच, म्हणजे क्रॅकचा कहर चालू असतानाही, सावकाश घटत होत्या. चढ आणि उतार दोन्ही बंदुकीच्या हत्यांचे होते. १९९० साली चारपैकी सुमारे तीन हत्या बंदुकीने झाल्या. एकाच शहरात एकाच वेळी दोन भिन्न प्रवाह वाहत होते आणि एकत्रित आकड्यात ते दिसत नव्हते.

सप्टेंबर १९९० मध्ये युटा राज्यातून कुटुंबासह आलेल्या २२ वर्षांच्या पर्यटकाची मॅनहॅटनच्या भुयारी रेल्वे स्थानकात लुटीच्या वेळी हत्या झाली. त्यानंतर महापौर डेव्हिड डिन्किन्स यांच्यावर प्रचंड दबाव आला आणि १९९१च्या आरंभी पोलीस भरतीसाठी नवा कर लावणारा ‘सुरक्षित रस्ते, सुरक्षित शहर’ कायदा संमत झाला. त्याच वर्षी ब्रुकलिन आणि ब्राँक्समध्ये शेकडो तरुण मारले गेले होते. त्यांपैकी एकाही मृत्यूचा असा परिणाम झाला नव्हता.

घट

१९९१ पासून आकडा घसरू लागला. १९९३ साली तो १,९०० च्या घरात होता, १९९५ साली १,१७७, १९९६ साली ९८३ आणि १९९८ साली ६३३. पाच वर्षांत दोनतृतीयांश घट झाली. नंतर वेग मंदावला, तरी दिशा बदलली नाही. २०१३ ते २०१६ या काळात आकडा ३३० ते ३५५ दरम्यान राहिला आणि २०१७ साली तो ३०० च्या खाली आला.

पोलिसांनी आकडे दडपल्याची शंका घेतली गेली आहे. वरिष्ठांच्या दबावामुळे काही ठाण्यांत गुन्हे सौम्य शीर्षाखाली नोंदविल्याचे उघडही झाले. हत्येच्या बाबतीत मात्र हे अवघड असते, कारण मृतदेह वैद्यकीय परीक्षकाकडे जातो आणि मृत्यूची स्वतंत्र नोंद आरोग्य खाते करते. झिम्रिंग यांनी २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पोलिसांचे आकडे आरोग्य खात्याच्या आणि वाहनचोरीचे आकडे विमा कंपन्यांच्या नोंदींशी ताडून पाहिले, आणि घट खरी असल्याचा निर्वाळा दिला. वैद्यकीय उपचार सुधारल्याने जखमी वाचू लागले, हेही स्पष्टीकरण पुरेसे ठरत नाही. १९९३ साली शहरात गोळीबाराच्या पाच हजारांहून अधिक घटना घडल्या होत्या आणि २०१७ साली आठशेहून कमी. म्हणजे गोळ्या झाडल्या जाणेच कमी झाले होते.

कारणांविषयीचे मतभेद

जानेवारी १९९४ मध्ये रुडॉल्फ जुलियानी महापौर आणि विल्यम ब्रॅटन पोलीस आयुक्त झाले. ब्रॅटन आणि त्यांचे सहकारी जॅक मेपल यांनी ‘कॉम्पस्टॅट’ पद्धती सुरू केली. गुन्ह्यांचे ताजे नकाशे समोर ठेवून प्रत्येक विभागाच्या प्रमुखाला नियमित बैठकीत जाब विचारला जाई. जोडीला ‘फुटक्या खिडक्यां’चा सिद्धांत होता. जेम्स विल्सन आणि जॉर्ज केलिंग यांनी १९८२ साली मांडलेल्या या सिद्धांतानुसार किरकोळ बेशिस्तीकडे दुर्लक्ष केले की गंभीर गुन्ह्यांना वाव मिळतो. जुलियानी यांनी घटीचे श्रेय या धोरणाला दिले आणि जगभरातील अनेक शहरांनी ते उचलले.

या दाव्यातील पहिली अडचण कालक्रमाची आहे. घट १९९१ पासून, डिन्किन्स यांच्या कारकिर्दीत सुरू झाली होती. अतिरिक्त पोलिसांची तरतूदही त्यांचीच. दुसरी अडचण भूगोलाची आहे. याच दशकात सान डिएगोने समुदायाच्या सहकार्यावर आधारित, अगदी वेगळे पोलीस धोरण राबविले आणि तेथेही मोठी घट झाली. देशभर हत्यांचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी उतरले. न्यू यॉर्कची घट मात्र देशाच्या सुमारे दुप्पट होती आणि देशातील घट थांबल्यावरही ती चालू राहिली. झिम्रिंग यांच्या मते या ‘दुसऱ्या निम्म्या’ भागात पोलिसांचा वाटा असण्याचा संभव सर्वाधिक आहे. पण त्यांच्या दृष्टीने परिणामकारक ठरले ते मनुष्यबळ, ठरावीक ठिकाणांवरील लक्ष आणि उघड्यावरील अमली पदार्थांच्या बाजारांचा बंदोबस्त. किरकोळ बेशिस्तीवरील कारवाईला त्यांनी तितके महत्त्व दिले नाही. दशकाच्या अखेरीस, रेल्वे आणि गृहनिर्माण पोलिसांच्या विलीनीकरणानंतर, दलात सुमारे ४०,००० पोलीस होते.

झिम्रिंग यांचे दोन निष्कर्ष प्रचलित समजुतींना धक्का देणारे आहेत. पहिला असा की, अमली पदार्थांचे सेवन फारसे कमी झाले नाही, तरी त्यांच्या व्यापारातून होणाऱ्या हत्या जवळपास नाहीशा झाल्या. विक्री चौकातून घरात आणि दूरध्वनीवर गेली, कोपऱ्यांची किंमत संपली आणि त्यासाठी लढण्याचे कारणही संपले. दुसरा तुरुंगांविषयी आहे. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून देशभर कैद्यांची संख्या वाढत असताना न्यू यॉर्क शहरातून तुरुंगात जाणाऱ्यांची संख्या घटत गेली आणि तरीही गुन्हे कमी होत राहिले. अधिकाधिक लोकांना डांबल्याशिवाय गुन्हे आटोक्यात येत नाहीत, हा समज येथे टिकत नाही.

याखेरीज पेट्रोल आणि रंगांतील शिशाचे बालकांच्या मेंदूवरील परिणाम कमी होणे, १९७०च्या सुमारास गर्भपात कायदेशीर झाल्याने नको असलेल्या अपत्यांचे प्रमाण घटणे, तसेच थोरल्या भावांची क्रॅकने केलेली दशा पाहून धाकट्या पिढीने त्याकडे पाठ फिरविणे, अशी स्पष्टीकरणे पुढे आली आहेत. पहिली दोन राष्ट्रव्यापी असल्याने न्यू यॉर्कच्या वेगळेपणाबद्दल फारसे सांगत नाहीत. समाजशास्त्रज्ञ पॅट्रिक शार्की यांनी रहिवाशांनीच उभ्या केलेल्या संस्थांकडे लक्ष वेधले. अनेक शहरांच्या आकडेवारीवरून त्यांनी दाखविले की, दर लाख लोकसंख्येमागे अशा दहा संस्था वाढल्या की हत्यांचे प्रमाण सुमारे ९ टक्क्यांनी उतरते. पोलीस आयुक्तांची नावे जशी सर्वांना ठाऊक आहेत तशी या संस्था चालविणाऱ्यांची नाहीत.

अडवून झडती घेण्याचे धोरण

२००२ नंतर महापौर मायकल ब्लूमबर्ग यांच्या काळात रस्त्यावर संशयावरून अडवून झडती घेण्याचे प्रमाण प्रचंड वाढले. २०११ साली अशा ६,८५,७२४ घटना नोंदविल्या गेल्या. अडविलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्क्यांहून अधिक कृष्णवर्णीय वा लॅटिनो होते, आणि दहापैकी जवळजवळ नऊ वेळा अटक झाली नाही की दंडाची नोटीसही दिली गेली नाही. ऑगस्ट २०१३ मध्ये संघीय न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी हे धोरण ज्या पद्धतीने राबविले जात होते ती घटनाबाह्य ठरविली. पोलीस आणि महापौर यांनी निकालामुळे रक्तपात वाढेल असा इशारा दिला होता. २०१४ साली अडविण्याच्या घटना ५०,००० च्या खाली आल्या. हत्या त्या वर्षी ३३३ होत्या, आदल्या वर्षीपेक्षा दोनने कमी. सामाजिक शास्त्रांत एखाद्या धोरणाची कसोटी इतक्या स्वच्छपणे क्वचितच लागते. हे धोरण न्यू यॉर्कच्या सुरक्षिततेसाठी अपरिहार्य होते, असे म्हणणे त्यानंतर कठीण झाले.

बळी आणि वस्त्या

घट शहरभर झाली, पण हत्यांची विभागणी समान झाली नाही. ब्रुकलिनच्या ईस्ट न्यू यॉर्क भागातील ७५व्या पोलीस हद्दीत १९९३ साली सव्वाशेच्या आसपास हत्या झाल्या होत्या; पाव शतकानंतर तेथील संख्या दहा-पंधरावर आली. सर्वाधिक फायदा अशाच वस्त्यांना झाला. तरीही ईस्ट न्यू यॉर्क, ब्राउन्सव्हिल आणि दक्षिण ब्राँक्स हे भाग आजही यादीत वरच आहेत. शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचा वाटा एकचतुर्थांशाहून कमी असताना हत्येच्या बळींमध्ये तो निम्म्याहून अधिक आहे. शार्की आणि मायकल फ्रीडसन यांच्या गणितानुसार, १९९१ नंतर देशभरात हत्या घटल्यामुळे कृष्णवर्णीय पुरुषांचे सरासरी आयुर्मान पाऊण वर्षाहून थोडे अधिक वाढले. हृदयविकाराच्या वा कर्करोगाच्या उपचारांतील एखाद्या मोठ्या सुधारणेने साधावा असा हा लाभ आहे.

स्त्रियांच्या हत्यांचे स्वरूप वेगळे राहिले. त्यांचा मारेकरी बहुधा पती, साथीदार वा पूर्वीचा साथीदार असतो आणि जागा बहुधा घरच असते. रस्त्यावरील हत्या दशांशावर आल्यावर एकूण संख्येत घरगुती हत्यांचा हिस्सा आपोआप मोठा दिसू लागला. अलीकडच्या काळात वर्षाला साठच्या आसपास हत्या कौटुंबिक नात्यांतून होतात. चौकातील गस्त वाढवून त्यांवर फारसा परिणाम होत नाही.

२०२० नंतर

२०१९ साली ३१९ हत्या झाल्या. २०२० साली सुमारे ४६५. गोळीबाराच्या घटना ७७७ वरून १,५३१ वर गेल्या, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाल्या. त्याच वर्षी देशभरात हत्या सुमारे ३० टक्क्यांनी वाढल्या; ही आकडेवारी ठेवली जाऊ लागल्यापासूनची एका वर्षातील सर्वांत मोठी वाढ होती. कोविडच्या साथीत शाळा, रोजगार आणि समाजसेवी संस्थांचे काम ठप्प झाले. बंदुकांची विक्री विक्रमी झाली. मे २०२० मध्ये मिनियापोलिस येथे जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसांच्या हातून मृत्यू झाल्यावर पोलीस आणि नागरिक यांच्यातील विश्वास आणखी घटला. न्यू यॉर्कमध्ये त्या वर्षापासून अमलात आलेल्या जामीन कायद्यातील सुधारणांकडेही बोट दाखविले गेले. पण तशा सुधारणा न झालेल्या शहरांतही तितकीच वाढ झाली असल्याने या युक्तिवादात फारसे बळ नाही.

२०२१ साली आकडा ४८८ पर्यंत गेला आणि मग उतरू लागला. २०२३ साली ३९१ हत्यांची नोंद झाली आणि २०२४ साली ती आणखी घटली. चढ झालेल्या वर्षांतही हे आकडे १९९०च्या पावपटीपेक्षा कमी होते. न्यू यॉर्कच्या एकतृतीयांश लोकसंख्येच्या शिकागो शहरात २०२१ साली सुमारे आठशे हत्या झाल्या होत्या. १९९०च्या आरंभी दर लाखामागील प्रमाणाच्या दृष्टीने ही दोन शहरे एकमेकांच्या जवळ होती.